कॅन्ससमधल्या सासरच्या शेतकरी घराण्याचं मूळ शोधतेय, जुन्या जनगणनेत ‘रशिया’ लिहिलंय, पुढे कसं जाऊ?

विचिताची_सून:
नमस्कार मंडळी. माझा नवरा इथलाच, कॅन्ससचा. सासूबाईंचं माहेर एलिस काउंटीतलं, पिढ्यान्‌पिढ्या गव्हाची शेती. यंदा उन्हाळ्यात सगळं खानदान जमणार आहे आणि सासूबाईंची फार इच्छा आहे की त्यांच्या पणजोबांपर्यंतची तरी वंशावळ नीट कागदावर यावी, म्हणून हे काम मी अंगावर घेतलंय. घरात सगळे म्हणतात आपण जर्मन. पण फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर १८८० च्या जनगणनेत पणजोबा सापडले तर जन्म रशिया, बायकोचा रशिया, दोघांच्या आईवडिलांचाही रशिया! १९०० मध्ये परत रशियाच, पण वीस वर्षांत वय सोळाच वर्षांनी वाढलंय आणि आडनावाचं स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं. मधली १८९० ची तर कुठे मिळतच नाही. हे एकच कुटुंब की दोन? आणि १९०० च्या पानावर पणजीच्या नावापुढे ११ आणि ७ असे दोन आकडे आहेत, ते कशाचे?

जुनं_दप्तर:
ताई, एलिस काउंटी आणि रशिया म्हटल्यावर निम्मं कोडं सुटलंच समजा. हे व्होल्गा जर्मन असणार. रशियाच्या कॅथरीन राणीने १७६३ मध्ये जाहीरनामा काढून जर्मन शेतकऱ्यांना व्होल्गा नदीकाठी वसायला बोलावलं होतं, सैन्यभरतीतून कायमची सूट कबूल करून. १८७४ मध्ये रशियाने ती सूट काढून घेतली, पोरांना सक्तीने फौजेत जावं लागणार म्हटल्यावर लोक निघाले, आणि १८७६ मध्ये त्यांच्यातल्या कॅथलिक कुटुंबांनी एलिस काउंटीत गावं वसवली. त्यामुळे घरचे म्हणतात ते जर्मनही खरं आणि कागदावरचं रशियाही खरं. खात्री करायची तर १९२० चं पान काढा, त्यात मातृभाषेचा रकाना आहे, तिथे जर्मन दिसायला पाहिजे.

१८९० शोधण्यात वेळ घालवू नका. १९२१ च्या जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये आग लागली त्यात ते कागद गेले, जे उरले तेही पुढे सरकारनेच नष्ट केले, सगळ्या देशातली मिळून सहा हजारांच्या आसपास नावं शिल्लक आहेत.

आणि ते ११ आणि ७, म्हणजे त्या माउलीला अकरा मुलं झाली आणि १९०० साली त्यातली सात हयात होती. चार लेकरं गेली तिची. त्यांची नावं पण वंशावळीत आणा, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या आणि दफनाच्या वह्यांत मिळू शकतील.

ओमाहाकर:
वर सांगितलंय ते बरोबरच आहे, माझं एक आग्रहाचं सांगणं, आपला माणूस सापडला की पान बंद करू नका. आख्खं पान वाचा, मागचं पुढचं पण. गणनेवाला दारोदार फिरायचा त्यामुळे यादीतले शेजारी बहुतेक करून खरोखरचे शेजारी असतात, आणि ही मंडळी एकेका गावातून जथ्याने आली, शेजारी म्हणजे बऱ्याचदा बायकोचा भाऊ नाहीतर चुलता. दोन्ही पानांवर तीच चार-पाच घरं आजूबाजूला दिसली, पोरांची नावं क्रमाने जुळली, तर कुटुंब एकच. वयाचं आणि स्पेलिंगचं फार मनावर घेऊ नका, दारात जो भेटेल त्याच्याकडून माहिती घ्यायचे, घरी कोणी नसलं तर शेजाऱ्याकडून, आणि इंग्रजी लिहिणाऱ्याने जर्मन नाव कानाला लागलं तसं लिहिलं.

१८९० ची फट भरायला कॅन्सस राज्याची स्वतःची गणना आहे, १८८५ आणि १८९५ ची. त्यात कॅन्ससला कुठून आलात असा रकाना आहे, तो नक्की बघा. इकडे ७२ वर्षांनी सगळं खुलं होतं म्हणून हे जमतं, १९५० ची गणना २०२२ च्या एप्रिलमध्ये उघडली. आपल्याकडे १९४८ च्या कायद्याने घराघराची नोंद कुणालाच बघता येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बांधावरचा:
शेतकरी घराणं आहे तर १८८० चा शेतीचा वेगळा तक्ता कसा काय विसरताय सगळे! त्यात शेतकऱ्याच्या नावापुढे किती एकर नांगराखाली, गहू किती एकरात आणि किती बुशेल (धान्याचं माप), दुभत्या गाई किती, घरी लोणी किती पौंड काढलं, अगदी वर्षाची अंडी किती डझन इथपर्यंत लिहिलेलं असतं. येऊन चारच वर्षं झालेल्या माणसाची शेती कशी होती हे एका ओळीत दिसतं, वंशावळीत नावाखाली ही ओळ टाकाच.

जमिनीचं पण बघा. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमीन मिळायची, पाच वर्षं राहून कसायची अट. त्या फायलीत दोन साक्षीदारांचे जबाब असतात आणि परदेशातून आलेला असला तर नागरिकत्वाचे कागदही. फाइल नॅशनल अर्काइव्ह्जमधून, म्हणजे अमेरिकन सरकारच्या दफ्तरखान्यातून मागवता येते. पण तिथे एक मेख आहे, रेल्वेच्या पट्ट्यात विषम नंबरचे सेक्शन (मोजणीतले एक चौरस मैलाचे तुकडे) कॅन्सस पॅसिफिक रेल्वेचे होते आणि सम नंबरचे सरकारी, आणि या लोकांनी रेल्वेकडूनही जमिनी विकत घेतल्या. सेक्शन विषम निघाला तर होमस्टेड फाइल शोधू नका, हेजला, म्हणजे एलिस काउंटीच्या मुख्य गावी, काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्सकडे खरेदीखत बघा.

विचिताची_सून:
खूप खूप आभार सगळ्यांचे! रात्री बसून १८८५ आणि १८९५ दोन्ही काढल्या. एकच कुटुंब आहे! मोठ्या तिन्ही मुलांची नावं क्रमाने तीच, आणि १८८० ला दोन घरं सोडून जे कुटुंब होतं ते १९०० मध्येही शेजारीच. त्या घराचं आडनाव सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या अगं हे तर आजीचं माहेर! १९२० ला मोठ्या मुलापुढे मातृभाषा जर्मन आहे. सगळे हर्झोग गावात, म्हणजे आत्ताचं व्हिक्टोरिया. आता व्होल्गाकाठचं गाव कळेल का?

जुनं_दप्तर:
वा ताई! हर्झोग नावाचं गाव व्होल्गाकडेही होतं, कॅन्ससमधली नावं तिकडूनच आली. पण प्रत्येक घर तिथलंच असेल असं नाही, म्हणून आधी चर्चच्या लग्नाच्या नोंदीत जन्मगाव दिलंय का बघा. गाव पक्कं झालं की तिकडच्याही जनगणना आहेत, १७९८, १८३४, १८५० आणि १८५७ च्या. १८३४ नंतरच्यांत पुरुषांचं आधीच्या गणनेतलं वय आणि आत्ताचं वय दोन्ही असतं, त्यामुळे पिढी पिढीला जोडता येते. १७९८ च्या यादीत बायकांचं माहेरचं आडनावही आहे. बऱ्याच गावांच्या याद्या इंग्रजीत करून ठेवल्यात, लिंकन, नेब्रास्काला रशियातल्या जर्मनांच्या इतिहासाची मोठी संस्था आहे तिथे विचारा, आणि विचारताना आजीच्या माहेरचं आडनाव पण द्या, दोन्ही आडनावं एकाच गावात सापडली तर शंकाच नको.