कयाक उन्हात भरून ठेवू नका

एकांनी विचारलंय, की हवा भरून फुगवायची कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी होडी) घट्ट भरून पाण्यात उतरवल्यावर मऊ का पडते, हवा गळतेय का. बहुतेक वेळा गळती नसते. पाण्याने आतली हवा थंड होते आणि दाब उतरतो. पाच-दहा मिनिटं पाण्यात राहू द्या, मग पुन्हा पंप मारा.

मला जास्त काळजी उलट प्रकाराची वाटते. 30 अंशांना 2 पीएसआय (दाबाचं एकक) भरलेला हवेचा कप्पा काठावर तापून 60 अंशांवर गेला, तर दाब साडेतीनच्या आसपास पोचतो. शिवणी तिथेच उसवतात! जेवायला थांबलात तर कयाक सावलीत ओढा, नाहीतर थोडी हवा सोडा. किती दाब भरायचा ते व्हॉल्व्हजवळ छापलेलं असतं. तळ आणि बाजूचे कप्पे यांचे आकडे बरेचदा वेगळे असतात.

तरीही शंका असेल तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतील तिथे गळती. आधी व्हॉल्व्ह बघा. वाळूचा एक कण रबरी चकतीखाली अडकला तरी रात्रभरात कप्पा लुळा पडतो.

घडी घालण्याआधी तळाच्या खाचा फडक्याने कोरड्या करा, बुरशी तिथूनच सुरू होते.

आणि लाइफ जॅकेट अंगात हवं, कयाकमध्ये नुसतं ठेवलेलं नको. ही बोट हलकी असते, वारा तिला सहज ढकलतो. वारा काठाकडून आत वाहत असेल, तर त्या दिवशी उतरूच नका, कृपया.