जुनी फोर बाय फोर कच्च्या वाटेसाठी तयार करायची आहे: कामाचा क्रम काय ठेवावा?

नवा_चालक
पंधरा वर्षं जुनी डिझेल फोर बाय फोर घेतली आहे. लॅडर फ्रेम (शिडीसारखी चासी), चारही चाकांना पाटे (लीफ स्प्रिंग), पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल, पार्ट-टाइम ट्रान्स्फर केस (गरजेपुरती पुढच्या चाकांनाही ताकद देणारा गिअरचा डबा), पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब (चाक अ‍ॅक्सलला जोडणारे-सोडणारे). टायर २३५/७५ आर १५. वस्तीपासून लांब, तीन-चार दिवस दगड, रेती आणि ओढ्यांतून जाता येईल अशी गाडी हवी. डोक्यात यादी आहे ती अशी: ४ इंच लिफ्ट (गाडी तेवढी उंच करणं), ३३ इंची टायर, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र), स्नॉर्कल (इंजिनची हवा उंचावरून घेणारा पाइप), छतावर कॅरिअर.

सध्या तीन तक्रारी दिसतात. पुढच्या डाव्या चाकामागे नकलच्या (चाक वळवणाऱ्या सांध्याच्या) गोळ्यावरून पातळ काळं तेल ओघळतं. ४०-५० च्या वेगात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की खालून थरथर येते, सोडला की थांबते. आणि डांबरी रस्त्यावर फोर-हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीचा गिअर) लावून पाहिलं तर लिव्हर परत टू-हायमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) येईना. सुरुवात कुठून करू?

पानाबारा
यादी बाजूला ठेवा, आधी तक्रारी.

तिसरी तक्रार बहुधा बिघाड नाहीच. पार्ट-टाइम ट्रान्स्फर केसमध्ये पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफ्रेन्शियल (दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीवर टायर थोडा घसरून हा फरक भरून काढतो, कोरड्या डांबरावर तो घसरत नाही. मग सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरमध्ये साठतो आणि लिव्हर अडकतो. स्टिअरिंग सरळ ठेवून काही मीटर रिव्हर्स घ्या, पीळ सुटेल. लिव्हर जोर लावून ओढू नका, आतला फोर्क वाकतो. फोर-हायची चाचणी कायम सुट्या मातीवर करा. तिथेही अडकला तर मात्र लिंकेज बघावं लागेल.

थरथर: अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावरच येते म्हणजे आधी प्रोपेलर शाफ्टच्या (ताकद अ‍ॅक्सलपर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसवर, म्हणजे टोकाच्या अधिकच्या आकाराच्या सांध्यावर संशय. गाडी सपाट जागी, चाकांना अडण्या लावून, न्यूट्रलमध्ये शाफ्ट हाताने पिळा आणि वर-खाली हलवा. क्रॉसच्या कपात जराही खेळ जाणवला, किंवा कपाच्या कडेला गंजाची लाल भुकटी दिसली, तर क्रॉस बदला. ग्रीस भरताना चारही कपांतून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा. एका कपातून आलं नाही तर तो कप कोरडाच राहतो आणि तोच आधी जातो. शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही तुकड्यांवर खूण करा. स्प्लाइनवर (दोन तुकडे जोडणाऱ्या खाचांवर) एक दात जरी इकडेतिकडे बसला तरी दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत राहत नाहीत आणि नवे क्रॉस घालूनही थरथर राहते.

नकलचं तेल ही यातली खरी गंभीर गोष्ट. नकलमध्ये घट्ट मॉलिब्डेनम ग्रीस असायला हवं. पातळ काळं ओघळतंय याचा अर्थ आतलं अ‍ॅक्सल सील गेलंय आणि डिफ्रेन्शियलचं तेल ग्रीसमध्ये मिसळतंय. नकल खोलून सगळं धुवा, सील बदला. शाफ्टवर सील बसतं तिथे नखाला लागेल इतकी खाच पडली असेल तर नवं सीलही टिकणार नाही. उघडलंच आहे तर नकलची वरची-खालची बेअरिंगही बघून घ्या.

पण सील का गेलं, हे शोधल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. अ‍ॅक्सलच्या हाउसिंगवर छोटा ब्रीदर, म्हणजे आतली हवा आत-बाहेर जाऊ देणारं तोंड असतं. तो चिखलाने बुजला की तेल तापल्यावर आतली हवा फुगते आणि तेल सीलमधून बाहेर ढकलते. ब्रीदर काढून फुंकून बघा.

चिखलपाय
वरच्याशी पूर्ण सहमत. ब्रीदरचा उलटा त्रास ओढ्यात होतो. तापलेलं डिफ्रेन्शियल थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणून दोन्ही अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस या चौघांच्या ब्रीदरला तेल सोसणारी नळी जोडून ती बॉनेटखाली उंचावर न्या. नळी मध्ये लोंबू देऊ नका, आणि अ‍ॅक्सल पूर्ण खाली लटकेल तेव्हाही ती ताणली जाणार नाही इतकी सैल ठेवा. स्नॉर्कलच्या कितीतरी आधी हे काम.

तेलं सगळी बदला. ड्रेन बोल्ट उघडण्याआधी फिलर बोल्ट उघडतोय ना ते बघा. तेल खाली सोडलं आणि फिलर गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवर अडकते. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी. ड्रेनच्या चुंबकावर करडी लापशी असेल तर चालेल, चपटे कण किंवा दाताचे तुकडे असतील तर हाउसिंग उघडा. डिफ्रेन्शियलला बहुतेक ठिकाणी जीएल-५ (गिअर ऑइलची प्रत), ८०डब्ल्यू-९० (घट्टपणा) लागतं, पण तेच गिअरबॉक्समध्ये ओतू नका. पितळी सिंक्रो रिंग (गिअर सहज पडावा म्हणून असलेली कडी) असलेल्या बऱ्याच गिअरबॉक्सना जीएल-४ हवं असतं. मॅन्युअल बघूनच.

स्नॉर्कलबद्दल: त्याने गाडी जलरोधक होत नाही. एअर फिल्टरचा डबा आणि पाइपचे सगळे सांधे हवाबंद नसतील तर पाणी तिथूनच आत जातं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. गाडी बाहेर ओढायची, ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढायचे आणि मगच फिरवायचं. तयारी नसलेल्या गाडीला चाकाच्या मध्यापर्यंतचं पाणी ही मर्यादा धरा, तीही वाहत्या पाण्यात नाही.

कच्चीवाट
लिफ्ट आणि टायरवर माझं स्पष्ट मत आहे: ४ इंच नको, २ पुरे. चार इंचांवर शाफ्टचे कोन वाढतात आणि ज्या क्रॉसची तक्रार आहे तेच पुन्हा जातात. ब्रेकच्या नळ्या तोकड्या पडतात, ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) तिरकी होऊन खड्ड्यागणिक स्टिअरिंग झटके देतं. पाटे बदलताना ते अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवेच घाला. जुने ताणलेले असतात. काहीशे किलोमीटरनंतर सगळे पुन्हा कसा.

टायरचा हिशेब करा. २३५/७५ आर १५ चा व्यास साधारण ७३३ मिमी. ३१ इंची म्हणजे ७८७, सुमारे ७ टक्के मोठा. ३३ इंची ८३८, म्हणजे १४ टक्के. तेवढंच गिअरिंग लांब होतं. चढावर क्लच जळतो, उतारावर इंजिनचा ब्रेक कमी पडतो, आणि काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६८ वर असते. डिफ्रेन्शियलचा रेशो बदलायचा नसेल तर ३१ वर थांबा. बसवल्यावर एक पुढचं चाक उंचवट्यावर चढवून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा, कुठे घासतं ते तिथेच कळेल.

आणि हे सगळं करण्याआधी फ्रेम. पाट्यांचे हँगर, बॉडी माउंट, मागचा आडवा दांडा इथे हातोडीने ठोका. टणक आवाज हवा. बद आवाज आला तर स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. आत गेला, तर बाकी सगळा खर्च थांबवा.

नवा_चालक
मनापासून आभार. ब्रीदर काढला, मातीने गच्च भरलेला निघाला. आता क्रम फ्रेम, सील, क्रॉस, तेलं, ब्रीदरच्या नळ्या असा ठरवतो. हवेचा दाब किती ठेवायचा आणि विंच घ्यावं का?

पानाबारा
क्रमात रेडिएटर, थर्मोस्टॅट, होज आणि ब्रेकच्या रबरी नळ्याही घाला. फोर-लोमध्ये (चारही चाकांना ताकद, सगळ्यात हळू गिअर) गाडी हळू आणि इंजिन जोरात, त्यामुळे अर्धवट बुजलेला रेडिएटर तिथेच उघडा पडतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू ताजेपणी किमान २३० अंश असतो, ओल शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. कधी बदललंय ते माहीत नसेल तर बदलाच.

कच्चीवाट
दाब: खडीच्या वाटेवर २४-२६ पीएसआय, मऊ रेतीत १५-१८. बारा-तेराच्या खाली वळताना टायर रिमवरून निघू शकतो. दाब कमी असताना वेगही कमी, आणि पक्क्या रस्त्यावर येताच हवा भरायची. कॉम्प्रेसर थेट बॅटरीला जोडा, लायटरच्या सॉकेटचा फ्यूज मोठ्या कॉम्प्रेसरला पुरत नाही.

विंच आत्ता नको. त्याआधी फावडं, रेतीत चाकाखाली घालायच्या दोन पाट्या, ताणणारा रिकव्हरी दोर, आणि फ्रेमला उच्च प्रतीच्या बोल्टने पक्के बसवलेले पुढे-मागे दोन हुक. दोर ट्रेलरच्या टो बॉलला कधीच अडकवू नका. तो तुटून उडतो आणि त्याने माणसं मेली आहेत. साधा टोइंग पट्टा ताणत नाही, त्याने हिसका देऊन गाडी ओढायची नाही. पुढे विंच घेतलंच तर क्षमता गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट हवी. २५०० किलोच्या गाडीला ३७५० किलो, म्हणजे सुमारे ८२७० पौंड; त्यामुळे बाजारात मिळणारं ९५०० पौंडी पुरतं.

कॅरिअरवर फक्त हलकं सामान. पाणी, डिझेल आणि हत्यारं आत, मागच्या सीटमागे जमिनीलगत बांधा. आडव्या उतारावर गाडी कलते ती छतावरच्या वजनाने.