बेसबॉल: डफीची ०.४४० ची सरासरी हाच एकोणिसाव्या शतकातला फलंदाजीचा सर्वोत्तम सीझन का?

गल्लीक्लब:
माझ्या मते हो. बोस्टनचा ह्यू डफी, १८९४: ५३९ अ‍ॅट-बॅटमध्ये २३७ हिट. नॅशनल लीगमध्ये हा आकडा आजवर कुणाला गाठता आलेला नाही. (क्रिकेटवाल्यांसाठी: हिट म्हणजे फटका मारून बेस गाठणं; इथे सरासरी म्हणजे हिट भागिले अ‍ॅट-बॅट, म्हणजे फलंदाजीच्या पाळ्या; वॉक, म्हणजे चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळालेला बेस, त्यात येत नाही.)

पाचवा बॉल:
आकडा बरोबर, पण त्या वर्षी सगळ्यांनीच हात धुऊन घेतले होते. अख्ख्या लीगची सरासरी ०.३०९! फिलाडेल्फियाचे डेलाहँटी, थॉम्पसन आणि हॅमिल्टन तिघेही ०.४०० च्या वर. १८९३ मध्ये पिचर (चेंडू टाकणारा) ५० फुटांवरून एकदम साडेसाठ फुटांवर गेला, मग काय होणार?

रेषेवरचा:
थांबा, हे साडेदहा फूट सगळीकडे छापतात, पण १८८७ पासून ५० फूट ही बॉक्सची, म्हणजे पिचरने उभं राहायच्या चौकटीची, पुढची रेषा होती. पिचरला मागचा पाय साडेपंचावन्न फुटांवरच्या मागच्या रेषेवर ठेवावा लागे. म्हणजे खरी वाढ पाच फुटांची. तरी १८९२ ची ०.२४५ दोन वर्षांत ०.३०९ झाली, हेही खरंच.

पाचवा बॉल:
मान्य. मग लीगच्या सरासरीशी तुलना करू. डफी ४२ टक्के वर. १८८७ चा टिप ओ'नील (सेंट लुइस, अमेरिकन असोसिएशन, म्हणजे तेव्हाची दुसरी मोठी लीग) ०.४३५, लीग ०.२७३, म्हणजे ५९ टक्के वर. शिवाय डबल, ट्रिपल, होमरन (दोन, तीन आणि चारही बेसचे फटके) तिन्हींत पहिला.

गल्लीक्लब:
ज्या वर्षी वॉकलाही हिट धरलं, तेच ना हे १८८७?

पाचवा बॉल:
ते वजा करूनच ०.४३५. २२५ हिट, ५१७ अ‍ॅट-बॅट. ५० वॉक दोन्हीकडे मिळवा, २७५ भागिले ५६७, म्हणजे ०.४८५ होतील. जुन्या तक्त्यांतले फुगीर आकडे असे येतात. तुमचा आक्षेप दुसरीकडे हवा होता: त्या वर्षी बॅटर चौथ्या स्ट्राइकला (हुकलेल्या किंवा सोडलेल्या योग्य चेंडूला) बाद व्हायचा, तिसऱ्याला नाही!

मातीतला:
टक्केवारीच लावायची तर शिकागोचा रॉस बार्न्स घ्या. १८७६, ०.४२९, लीग ०.२६५. ६२ टक्के!

रेषेवरचा:
बार्न्सचं हत्यार ठाऊक आहे ना? चेंडू असा खाली मारायचा, की पहिला टप्पा प्लेटपुढे रेषेच्या आत पडेल आणि मग फिरकी घेऊन बाहेर पळेल. तेव्हा पहिला टप्पा आत म्हणजे चेंडू फेअर, फटका वैध. थर्ड बेसवाला बाहेर धावेपर्यंत हा बेसवर. १८७७ ला नियम बदलला आणि गडी ०.२७२ वर आला.

मातीतला:
१८७७ ला तो आजारी होता, जेमतेम २२ सामने खेळला. सगळं खापर नियमावर फोडू नका. आणि डफीला सवलत नव्हती का? मे १८९४ मध्ये बोस्टनचं मैदान जळालं. मग काही आठवडे काँग्रेस स्ट्रीटवर, जिथे डावी भिंत अगदी जवळ आणि हा उजव्या हाताचा.

गल्लीक्लब:
भिंत होमरन देते. २३७ पैकी होमरन १८ च.

रेषेवरचा:
एका सीझनवर भांडायचंच कशाला? डॅन ब्राउदर्स: १८८२, ८३, ८९, ९१, ९२, पाच वेळा आपल्या लीगमध्ये सरासरीत पहिला. मधल्या काळात पिचरला हात खांद्यावरून फिरवायची मुभा मिळाली, वॉकसाठी लागणारे चुकीचे चेंडू चारवर आले, 'उंच टाक, खाली टाक' सांगायचा बॅटरचा हक्क गेला. कुठलीही एक पळवाट त्याला पाचही वेळा उपयोगी पडली नसती.

पाचवा बॉल:
९१ चं विजेतेपद असोसिएशनमधलं, मोडकळीला आलेल्या लीगमधलं. चार धरा.