मदत हवी आहे: उबुंटूच्या झॉर्ग सेशनमध्ये टचपॅडचे तीन बोटांचे जेश्चर
माझ्या डेस्कटॉपवर उबुंटू २२.०४ (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम) असून माउसऐवजी मी यूएसबीचा स्वतंत्र टचपॅड वापरतो. उबुंटूत लॉगिन करताना वेलँड किंवा झॉर्ग यांपैकी एक डिस्प्ले प्रणाली (पडद्यावर खिडक्या दाखवणारी व्यवस्था) निवडता येते. वेलँड सेशनमध्ये तीन बोटे आडवी सरकवली की वर्कस्पेस (आभासी डेस्कटॉप) बदलते. परंतु कार्यालयाचे स्क्रीन शेअरिंगचे सॉफ्टवेअर केवळ झॉर्गवर चालत असल्याने वेलँडवर कायम राहणे मला शक्य नाही. झॉर्गमध्ये दोन बोटांचे स्क्रोलिंग सुरळीत होते आणि टचपॅडच्या हालचाली दाखवणाऱ्या ‘लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स’ या कमांडमध्ये तीन बोटांचा स्वाइपही नोंदला जातो, म्हणजे दोष हार्डवेअरचा नसावा. टचएग (जेश्चर ओळखून त्यानुसार कृती करणारा प्रोग्राम) बसवून त्याची सर्व्हिस चालू असल्याची खात्री केली, तरी पडद्यावर काहीच घडत नाही. ग्नोम हे उबुंटूचे मूळ डेस्कटॉप वातावरण सोडून दुसरे घेण्याची माझी तयारी नाही. अशा स्थितीत टचएगचा क्लायंट लॉगिनच्या वेळी वेगळा सुरू करावा लागतो, की ग्नोमसाठी ‘एक्स११ जेश्चर्स’ हे एक्स्टेन्शन घालणे अनिवार्यच आहे?