मदत हवी आहे: गावच्या घरासाठी आणि पावसाळी ट्रेकसाठी बॅटरी / इमर्जन्सी लाईट कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी,

आगोटीची (पावसाळ्याआधीची) खरेदी चालू आहे आणि यंदा सुकी मासळी, मिरची, लाकडं यांच्याबरोबर उजेडाचीही नीट सोय करून ठेवायची असं ठरवलंय, म्हणून हा धागा. घर दापोली तालुक्यात, तिथे आई-बाबा दोघंच असतात, बाबा ७४ आणि आई ६९. मी पुण्यात, महिन्यातून एकदा जाणं होतं, आणि पावसाळ्यात मित्रांबरोबर घाटवाटा, किल्ले असतातच. दोन्हीकडे चालेल अशी एकच वस्तू घ्यावी की वेगवेगळ्या घ्याव्यात हेच कळत नाहीये.

आधी काय झालं होतं ते सांगतो म्हणजे गरज लक्षात येईल. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा लॉकडाऊनमुळे मी गावीच होतो. दुपारच्या दोन-तीन तासांत वाडीतले माड-पोफळी आडवे झाले, पडवीची कौलं गेली, लाईटचे पोल वायरींसकट पाखाडीवर येऊन पडले. वायरमन लोक रात्रंदिवस राबत होते पण पडलं होतंच इतकं की आमच्या वाडीत लाईट आली ती २६ व्या दिवशी.

पहिल्याच रात्री कळलं की घरात उजेडाच्या वस्तू होत्या भरपूर, पण चालत काहीच नव्हतं. कपाटावर एक मोठा इमर्जन्सी लाईट होता, ती जड लेड-ॲसिड बॅटरीवाला, वर्षभर कुणी चार्जला लावलाच नव्हता, तो दहा मिनिटं पिवळट जळला आणि बंद पडला तो कायमचा. बाबांची तीन सेलची जुनी बॅटरी उघडली तर सेल फुटून स्प्रिंगवर पांढरट-हिरवट खरवड बसलेली, लिंबू लावून टूथब्रशने घासत बसलो तर स्प्रिंगच हातात आली. मेणबत्त्या होत्या पण वर कौलं नाहीत, घरभर वारा, त्या टिकतायत कुठे. शेवटी आजीच्या वेळचा कंदील काढला, काच पुसली, अर्धी बाटली रॉकेल होतं ते चार रात्री पुरलं. पुढे रॉकेल मिळेना. मग मोबाईलचा टॉर्च, आणि मोबाईल चार्ज करायला शेजारगावच्या जनरेटरपुढे रांग.

आणि जे मला अजून आठवलं की अंगावर काटा येतो ते म्हणजे सातव्या का आठव्या रात्री गाय सारखी हंबरायला लागली म्हणून बाबा मोबाईल घेऊन गोठ्याकडे निघाले. चार्जिंग ४ टक्के, उजेड म्हणजे नुसता पुसट ठिपका. गोठ्याच्या पायरीवर फुरसं, म्हणजे विषारी साप, वेटोळं करून बसलं होतं, अगदी चिऱ्याच्याच रंगाचं. ते बाबांना दिसलं नाहीच, त्याने अंगाला अंग घासून तो खरखर आवाज केला तेव्हा ते थांबले, नाहीतर पुढचं पाऊल त्याच्यावरच पडलं असतं. रस्ते बंद, फोन लागत नव्हते, दवाखान्यात न्यायचं तरी कसं होतं.

तर आता विचारायचंय ते असं. घरात पंधरा-वीस दिवस लाईट नसेल तर काय घ्यावं? सोलर घ्यावं का? बाबांच्या हातात द्यायला कोणती बॅटरी, आईची बोटं संधिवाताने आखडलेली असतात तर तिला बारीक बटण दाबत नाही. आणि ट्रेकसाठी हेडलॅम्प बघतोय तर ऑनलाईन ५०,००० लुमेन (उजेडाचं माप), ९९०० एमएएच (सेलची क्षमता) असलं काहीबाही लिहिलेलं दिसतं, ते खरं धरायचं का? बजेट सगळं मिळून ४-५ हजार. कृपया स्वतः वापरलेलं सांगा.

प्रतिसाद – सड्यावरचा

दादा, बाबांचं वाचून पोटात गोळा आला. वाचले, देवाची कृपा.

एकच वस्तू दोन्हीकडे हा विचार सोडून द्या. हातातली बॅटरी, डोक्याचा लाईट आणि खोलीतला उजेड ही तीन वेगळी कामं आहेत. लांब झोत टाकणारी बॅटरी खोलीत लावली तर भिंतीवर एक पांढरा गोळा आणि बाकी अंधार.

ते ९९०० बिलकुल खरं नाही. १८६५० आकाराच्या सेलमध्ये चांगल्या कंपनीचा असला तरी साधारण ३००० ते ३५०० एमएएचच बसतात, त्यामुळे त्याहून बरंच जास्त छापलेलं दिसलं की तो सेल घ्यायचाच नाही, असले सेल तापतात पण. लुमेनचंही तसंच. मेणबत्ती म्हणजे १२-१३ लुमेन, वाटेवर चालायला १०० ते २०० पुष्कळ झाले. जास्त लुमेन म्हणजे सेल लवकर संपणार, दुसरं काही नाही.

ट्रेकचा अनुभव सांगतो. पावसाळ्यात ढगात शिरलात की कपाळावरचा हेडलॅम्प उपयोगाचा राहत नाही, उजेड धुक्यावर आपटून डोळ्यांतच येतो आणि समोर नुसती पांढरी भिंत. तेव्हा हेडलॅम्प काढून हातात, गुडघ्याच्या उंचीला धरायचा. दगडांच्या सावल्या लांब पडतात, पायरी कुठे आणि खळगा कुठे ते लगेच कळतं. बाबांनाही हेच सांगा, बॅटरी खाली धरायची आणि झोत पावलाच्या दोन हात पुढे. फुरसं पळून जात नाही, जागेवर बसून राहतं, त्यामुळे ते दिसणं हाच उपाय. आणि गमबूट.

पाण्यासाठी आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोडे, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. सह्याद्रीतल्या जुलैला ७ च बघा. सॅकमध्ये बटण आपोआप दाबलं जाऊन सेल संपतात म्हणून मागची टोपी अर्धा आटा सैल करून ठेवायची. वाट चुकलात तर मदतीची खूण म्हणून मिनिटाला सहा वेळा उजेड दाखवायचा, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा. समोरून उत्तर आलं तर ते तीनदा येतं. ग्रुपमधल्या प्रत्येकाला हे माहीत पाहिजे.

प्रतिसाद – माजघर

घरासाठी मी लिहिते, आमच्याकडेही दरवर्षी चार-पाच दिवस लाईटशिवाय जातातच. जूनमध्ये सोलरच्या भरवशावर राहू नका, आभाळ भरलेलं असलं की पॅनल जेमतेम काहीतरी देतं. त्यापेक्षा १०,००० एमएएचची पॉवरबँक आणि १ वॉटचा यूएसबी दिवा घ्या. हिशोब सोपा आहे, ३.७ व्होल्टने गुणलं की ३७ वॉट-तास, मधली गळती धरून २५ तास तरी मिळतात, रोज चार तास लावला तर सहा रात्री. १ वॉटचा उजेड साधारण १०० लुमेन, म्हणजे सात-आठ मेणबत्त्या, जेवायला आणि भांडी घासायला पुरतो. दोन पॉवरबँका घ्या आणि बाबांच्या स्कूटरला यूएसबी सॉकेट बसवून घ्या, मग जनरेटरची रांग नको.

हातातल्या बॅटरीला पेन्सिल सेलचीच घ्या, गावच्या दुकानातही मिळतात. त्यात रिचार्जेबल निकेलवाले, एनेलूप ब्रँडसारखे, ते वर्षभर ठेवले तरी बराचसा चार्ज टिकतो. साधे सेल मात्र वापरून झाले की बाहेर काढून ठेवायचे, स्प्रिंगचं तुमचं झालं ते त्यामुळेच. दर संकष्टीला सगळं चार्जला लावायचं, आमच्या सासूबाई अशाच लक्षात ठेवतात.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. पेन्सिल सेलचे दोन टॉर्च, दोन पॉवरबँका, यूएसबीचे तीन दिवे आणि ट्रेकला आयपीएक्स७ चा हेडलॅम्प असं घेतलं, सगळं मिळून ४,६०० झाले. गेल्या शनिवारी गावी जाऊन मुद्दाम मेन स्विच बंद केला आणि संध्याकाळी सातपासून पहाटेपर्यंत तसंच राहिलो. स्वयंपाकघरातला दिवा खोलीच्या मधोमध टांगला होता तो आईच्या पाठीमागे येत होता, पातेल्यात तिचीच सावली, म्हणून तो खिडकीच्या गजाला बांधला. बाबा गोठ्यापर्यंत खाली झोत धरून जाऊन आले, म्हणाले चिऱ्यांमधल्या फटीसुद्धा दिसतात.

एकच अडचण राहिलीये. टॉर्चचं मागचं बटण आईला अंगठ्याने दाबत नाही, तळहाताने दाबायला गेली की हातातून सुटतो. फिरवून किंवा सरकवून चालू होणारा, गळ्यात अडकवता येईल असा टॉर्च कुणी वापरलाय का? ती पहाटे पाचला विहिरीवर जाते आणि पाऊस सुरू व्हायच्या आत तिच्यासाठी घ्यायचाय.