मदत हवी आहे: शांत मराठी इंडी (स्वतंत्र, सिनेमाबाहेरची) गाणी आणि अलीकडची छोटी कादंबरी

नमस्कार मंडळी, पुण्याचा ईझी वाँडरलिंग्ज आणि दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी हे माझे अगदी जीव की प्राण बँड. संथ चाल, मोजकी वाद्यं, मध्येच ट्रम्पेट. पीटर कॅटचा 'बिस्मिल्ला' (2019) हा अल्बम तर कितीही ऐकला तरी मन भरत नाही. असं काही मराठीत हवंय. ॲपवर 'मराठी इंडी' शोधलं की निम्मी सिनेमाचीच गाणी येतात. क्रेटेक्सचं 'तांबडी चामडी' ऐकलंय, आवडतंही, पण ते नाचायचं गाणं. मला रात्री दिवा मालवून ऐकायचंय. स्वतः लिहिलेले शब्द हवेत, जुन्या भावगीतांची कव्हर नकोत.

पुस्तकाचंही तसंच. नुकतंच विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' वाचलं. 1939 सालची कादंबरी, युरोपातून मुंबईला निघालेल्या बोटीवर घडणारी, आणि एक वाक्य काढून टाकावंसं वाटत नाही! तेव्हापासून जाडजूड काही हातात धरवत नाही. दुकानात विचारलं तर ऐतिहासिक कादंबऱ्या पुढे केल्या. वाचनयाद्या नेमाड्यांपाशी येऊन थांबतात. ते सगळं वाचून झालंय.

मूळ मराठीच हवी, अनुवाद नको. छापील प्रत मिळायला हवी, स्क्रीनवर वाचून डोळे दुखतात. प्रकाशकाचं नाव दिलंत तर वाचनालयात मागता येईल.

तर गेल्या दहाएक वर्षांत आलेली, दीडशे पानांच्या आतली, तुम्ही स्वतः वाचलेली कोणती कादंबरी सांगाल? आणि कोणत्या मराठी गायकाचं किंवा बँडचं कोणतं गाणं आधी ऐकू?