माल्टा : ब्लू लगूनवर फुली मारली तर काय बिघडलं?

ओसरी

सप्टेंबरअखेर सहा दिवस माल्टा. आम्ही दोघं, अकरा वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. शेंगेन व्हिसा हातात आला, इस्तंबूलमार्गे तिकिटं झाली. आता ज्याला सांगावं तो एकच विचारतो, "ब्लू लगूनला जाणार ना?"

नाही जाणार! ब्लू लगून ज्या कोमिनो बेटावर आहे ते साडेतीन चौरस किलोमीटरचं, कायमची वस्ती बोटांवर मोजण्याइतकी. तिथे उन्हाळ्यात इतकी माणसं उतरायला लागली की २०२५पासून सरकारने आधी नाव नोंदवणं सक्तीचं केलं आणि एका वेळी ४ हजारांची मर्यादा घातली. मर्यादा ४ हजार, यावरून आधी काय चाललं असेल ते बघा. दादर स्टेशनवर स्विमसूट घालून उभं राहायला मी युरोपात जात नाहीये.

माझी यादी : राजधानी व्हालेटा दोन दिवस, हाल साफ्लिएनीचं हायपोजियम (जमिनीखालची पुरातन दफनभूमी), हाजार ईम आणि इमनायद्राची मंदिरं, बिर्गू आणि इमदीना ही जुनी तटबंद शहरं, आणि एक दिवस गोझो बेट. पिरॅमिडच्या हजारभर वर्षं आधी उभी राहिलेली मंदिरं सोडून लोक पाण्याच्या रंगाचे फोटो काढायला रांगा लावतात, हे मला खरंच कळत नाही. माझं काही चुकतंय का?

खडूस_काका

चुकतंय. मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि यादी पुरातत्त्व खात्याच्या सेवानिवृत्त अधिकाऱ्याची.

हाजार ईम मी पाहिलंय. पांढऱ्या तंबूखाली मोठमोठे दगड. माहितगाराला ते थोर वाटतीलच, पण माझ्या बायकोने पाचव्या मिनिटाला "आता पुढे काय?" विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. उलट ब्लू लगूनमध्ये ती दोन तास पाण्याबाहेर आली नाही. गर्दी होती का? होती. लालबागच्या राजाला गर्दी असते म्हणून कोणी दर्शन रद्द करतं का?

कोकणी_मेवा

दोघांनाही प्रश्न. पाण्यातच डुंबायचं तर आपलं तारकर्ली-देवबाग काय वाईट आहे? तिथेही स्नॉर्कलिंग होतं. व्हिसा नको, आणि संध्याकाळी सुरमई ताटात.

मिठागर

@कोकणी_मेवा, मी उरणचा, कोकणाचा अभिमान मलाही आहे. पण ही तुलना टिकत नाही. आपल्या किनाऱ्यावर नद्या-खाड्या गाळ आणून टाकतात आणि भरती-ओहोटी तो ढवळत राहते. माल्टात बारमाही नदी एकही नाही, आणि भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी म्हणावी अशी नाहीच. गाळ नाही, ढवळणं नाही, तळाशी पांढरी वाळू. म्हणून ते पाणी काचेसारखं दिसतं. (नदी नसल्याची दुसरी बाजू अशी की तिथलं निम्म्याहून जास्त पिण्याचं पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून मिळतं. चहा घेतलात की कळेल.)

ओसरीताई, गोझोला श्वेयनीची मिठागरं नक्की पाहा. खडकात कोरलेले चौकोनी वाफे, अजून मीठ काढतात. आमच्याकडे मिठागरं बुजवून इमले उठलेत. मला तिथून पाय निघेना.

पलटण

बिर्गू यादीत आहे हे बघून बरं वाटलं. १५६५च्या माल्टाच्या वेढ्यात ऑटोमन फौजेने सेंट एल्मोचा किल्ला घ्यायला महिनाभर रक्त आटवलं, आणि बिर्गूच्या टोकाचा सेंट अँजेलो तरीही पडला नाही. व्हालेटा शहर त्या वेढ्यानंतरचं, पायाभरणी १५६६ची. त्यामुळे आधी बिर्गू, मग व्हालेटा, असा क्रम लावा. जंजिरा पाहिलेल्याला सेंट अँजेलोच्या तटाखालून होडीने जाताना वेगळं काही सांगावं लागत नाही. ही होडी म्हणजे डायसा. अप्पर बराक्का बागेतून लिफ्टने खाली उतरायचं आणि समोरच्या काठावर जायचं.

अजून एक, जे कोणाच्याच यादीत नसतं. १८७८मध्ये ब्रिटिशांनी रशियाला वचक बसवायला हिंदुस्थानातून सुमारे ७ हजार सैनिक माल्टात उतरवले. त्यात मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. पुढे पहिल्या महायुद्धात इथे दगावलेल्या हिंदी सैनिकांची आठवण पिएताच्या लष्करी दफनभूमीत जपली आहे. अर्धा तास पुरे.

खडूस_काका

@पलटण, धन्य! सहा दिवसांची सुट्टी, त्यात दफनभूमी. पोराला शाळेत "सुट्टीत काय केलं?" विचारतील तेव्हा काय सांगेल?

रात्रपाळी

मी चार वर्षं माल्टात राहते, वृद्धांच्या केंद्रात परिचारिका आहे. नाव वाचून ड्युटी ओळखली असेलच.

ओसरीताई, राग मानू नका, पण "मी गर्दीला जात नाही" म्हणणारे सगळे मला अकरा वाजता इमदीनाच्या दरवाज्यात भेटतात, क्रूझवाल्यांच्या मागे. त्याला इथे "शांत नगरी" म्हणतात, पण शांतता सापडते ती संध्याकाळी सातनंतर, दिवे लागल्यावर. म्हणजे जागेपेक्षा वेळ महत्त्वाची. कोमिनोचंही तेच. सकाळचा पहिला गट आठचा असतो. नोंदणी फुकट आहे, मोबाइलवर क्यूआर कोड येतो. त्या वेळेला जा आणि साडेदहाला मोठ्या बोटी येऊन स्पीकर लावतील तेव्हा निघा.

काकांचंही सगळं बरोबर नाही. जुलैत दुपारी बाराला तिथे जाऊन "मजा आली" म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. पाय ठेवायला खडक शिल्लक नसतो.

आता मोठी चूक : गोझो एका दिवसात. देश अख्खा मुंबईच्या निम्म्या आकाराचा, म्हणून लोकांना वाटतं सगळं हाताशी आहे. स्लीमाहून बसने चिर्केव्वाचा धक्का गाठायला दीड तास सहज जातो, आणि भरलेली बस थांब्यावर थांबत नाही, ड्रायव्हर हात हलवून पुढे. मग पंचवीस मिनिटांची फेरीबोट. (जाताना तिकीट कोणी विचारत नाही, गोझोहून परतताना द्यायचं. माझ्या आईला हे फसवणूक वाटली होती.) गोझोला दोन रात्री राहा.

आणि सासूबाईंना काय बघायचंय ते विचारलंत का?

ओसरी

@रात्रपाळी, त्यांना चालवत नाही फारसं, म्हणून त्यांच्यासाठी मोस्टाचं चर्च ठेवलंय. ९ एप्रिल १९४२ला घुमट फोडून बॉम्ब आत पडला, आत शेकडो माणसं होती, आणि तो फुटलाच नाही. ही गोष्ट त्यांना फार आवडली. "देवाची करणी" म्हणाल्या, मग "आणि बॉम्ब बनवणाऱ्याची हलगर्जी" असंही म्हणाल्या.

काका, "दगड" म्हणालात म्हणून. हायपोजियम जमिनीखाली खोदलंय, जवळपास ७ हजार माणसांचे अवशेष तिथे असावेत असा अंदाज आहे. एका वेळी फक्त दहाजण सोडतात, आणि फोटो बंद. फोटो बंद हेच मला सगळ्यात आवडलं. तिथे सापडलेली झोपलेल्या बाईची मातीची मूर्ती व्हालेटाच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, वीतभरही नाही, कुशीवर निवांत. पाच हजार वर्षांपूर्वीची बाई दुपारची झोप काढतेय, कोणी उठवत नाही. यापुढे मला तुमचा निळा रंग नको.

खडूस_काका

मूर्ती छान आहे, पाहिली आहे. पण हायपोजियमची तिकिटं कधी काढताय? ती महिना महिना आधी संपतात. तात्त्विक भूमिका घ्यायची आणि तिकीट नाही, असं होऊ देऊ नका.

वरणफळ

शाकाहारी आहात का? पास्तित्सी सगळीकडे मिळतात, आतून चीज किंवा वाटाणा, बाहेरून खारीसारखी. आम्ही चार दिवस त्यावर काढले आणि शेवटच्या दिवशी कळलं की काही ठिकाणी पिठात डुकराची चरबी घालतात. विचारून घ्या. बिगिल्ला (घेवड्याच्या जातीच्या कडधान्याची लसणाची चटणी) निर्धास्त खा. वादाबद्दल : आम्ही ब्लू लगून केलं नाही, आयन तुफ्फीहाला पोहलो. पायऱ्या भरपूर, सासूबाईंना जड.

पलटण

व्हालेटात सेंट जॉन कॅथीड्रल घाईत उरकू नका. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं संत योहानाच्या शिरच्छेदाचं १६०८चं चित्र तिथे आहे, त्याने सही केलेलं एकमेव. सही कुठे, तर मानेतून सांडलेल्या रक्तात. त्याच वर्षी तो सेंट जॉनच्या नाइटांच्या संघात नाइट झाला, मारामारी करून कैदेत पडला, पळाला, आणि त्याला संघातून काढल्याचा ठराव याच दालनात, याच चित्रासमोर झाला. अकरा वर्षांच्या मुलाला हे सांगून बघा. काकांना वाटतं तेवढी मुलं पाण्याची भुकेली नसतात.

आणि रस्त्यावरच्या पाट्या वाचायला लावा. माल्टी भाषा अरबीच्या घरातली, लिपी रोमन. पुस्तकाला ‘क्तीब’, जगाला ‘दिन्या’. आपले किताब आणि दुनिया!

ओसरी

बदललेला बेत. गोझोला दोन रात्री, रात्रपाळीताईंचं ऐकलं. जगंतियाची मंदिरं, मिठागरं आणि द्वेय्रा तिथेच. (द्वेय्राची ती प्रसिद्ध खडकाची कमान ८ मार्च २०१७च्या वादळात कोसळली. काही टूरवाले अजून तिचाच फोटो छापतात.) हायपोजियमची चार तिकिटं मिळाली, सकाळी नऊची.

कोमिनोबद्दल माझं मत तेच आहे. पण काल जेवताना सासूबाईंना विचारलं. त्या रेवदंड्याच्या, लग्नाआधी रोज समुद्रात पोहायच्या, हे मला तेरा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "चालवत नाही गं, पोहवत नाही असं कधी म्हटलं?" आता त्या आणि नातू गोझोच्या इमजार बंदरातून पहिल्या बोटीने आठच्या गटात. नवरा सोबत. मी धक्क्यावर कॉफी घेऊन बसणार.

खडूस_काका

सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार.

रात्रपाळी

काठ खडकाळ आहे, सगळ्यांना पाण्यातले रबरी बूट घ्या. इथे महाग पडतात, तिकडूनच आणा. पाणी तेव्हा पंचवीस अंशांच्या आसपास असतं, सासूबाईंना थंडी वाजणार नाही. आणि तुमच्याही नावाची नोंदणी करून ठेवा, फुकटच आहे.

ओसरी

नाही म्हटलं ना!